एकशे साठ अक्षरांचा जासूद

आषाढातील एक रात्र आहे अशी कल्पना करा. बाहेर पावसाची संततधार लागली आहे. चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात रात्रपाळी सुरू आहे. मोटारींचे सुटे भाग घडविणारी यंत्रे अखंड चालली आहेत. चहाच्या सुटीत एक कामगार आपल्या कपाटातील मोबाइल हाती घेतो. पडद्यावर मराठीतील तीन ओळींचा मजकूर उमटलेला असतो. जिल्ह्यात अतिवृष्टीचा इशारा दिला आहे, नदीचे पाणी वाढण्याचा संभव आहे, तरी नदीकाठच्या नागरिकांनी सावध राहावे, असा त्याचा आशय असतो. त्या कामगाराचे घर तेथून कित्येक कोस दूर, चिंचवडला, पवना नदीच्या काठालगतच्या वस्तीत आहे. घरी वृद्ध आई, पत्नी आणि बारा वर्षांचा मुलगा आहेत. तो तत्काळ घरी फोन लावतो.

हा मजकूर त्याला कोणी पाठविला? कोणा अधिकाऱ्याने रात्री जागून, एकेका नागरिकाचा क्रमांक दाबून तो धाडला काय? लक्षावधी माणसांना असा निरोप देणे कोणा एका माणसाच्या आवाक्यातील काम नव्हे. अधिकाऱ्याने मजकूर एकदाच लिहिला आणि संगणकाच्या स्वाधीन केला. पुढचे सारे काम संगणकाने केले. संगणकाकडून मोबाइलकडे आणि मोबाइलकडून संगणकाकडे धावणारा हा लघुसंदेश म्हणजे आपल्या काळातील जासूदच होय.

चाकणच्या मातीला जुन्या जासुदांची आठवण आहे. येथील संग्रामदुर्ग हा भुईकोट किल्ला १६६० साली शायिस्तेखानाच्या प्रचंड सैन्याने वेढला, तेव्हा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याने मूठभर लोकांनिशी तो सुमारे दोन महिने झुंजविला. त्या काळी चाकणची खबर दुसऱ्या गडावर पोहोचवायची म्हणजे कोणी तरी माणसाने जीव मुठीत धरून, पायी किंवा घोड्यावर, नद्यानाले आणि शत्रूच्या चौक्या ओलांडून जाणे भाग होते. निरोप पोहोचण्यास किती दिवस लागतील हे जासुदाच्या पायांतील बळावर अवलंबून असे.

पुढे विजेची तार आली. १८५० साली कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्या दरम्यान भारतातील पहिली प्रायोगिक तार टाकण्यात आली. मग हळूहळू साऱ्या देशात तारांचे जाळे पसरले. तारेचे पैसे शब्दांच्या हिशेबाने पडत, म्हणून लोक मोजके शब्द लिहीत. सणासुदीच्या आणि लग्नकार्याच्या शुभेच्छांसाठी तर ठरावीक वाक्यांना क्रमांकच दिलेले होते. पाठविणाऱ्याने केवळ क्रमांक सांगावा आणि घेणाऱ्याच्या हाती संपूर्ण वाक्य पडावे, अशी ती युक्ती होती. थोडक्या खुणांत पुष्कळ अर्थ भरण्याची ही कल्पना ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण लघुसंदेशही याच कल्पनेवर उभा आहे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्याच महिन्यात शेतकऱ्यांना हवामान, पिके आणि बाजार यांची माहिती लघुसंदेशांनी कळविणारी एम-किसान ही सरकारी सेवा सुरू झाली. एका जासुदाने आपली झोळी खाली ठेवली, आणि दुसऱ्याने ती उचलली.

पहिला लघुसंदेश

लघुसंदेश ही मोबाइलवाल्यांनी एकमेकांना लिहिण्याची सोय आहे, असे आपल्याला वाटते. परंतु जगातील पहिला लघुसंदेश मोबाइलवरून निघालाच नव्हता. तो निघाला संगणकावरून. ३ डिसेंबर १९९२ या दिवशी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ नावाच्या बावीस वर्षांच्या अभियंत्याने आपल्या संगणकाच्या कळफलकावर नाताळच्या शुभेच्छांचे दोन इंग्रजी शब्द टाइप केले आणि ते व्होडाफोन कंपनीचे एक अधिकारी रिचर्ड जार्व्हिस यांच्या फोनवर पाठविले. संगणकच का वापरला? कारण त्या वेळच्या मोबाइल फोनवर मजकूर लिहून पाठविण्याची सोयच नव्हती. जार्व्हिस यांच्या हातातील फोन दोन किलोग्रॅमहून अधिक वजनाचा होता. त्यावर संदेश वाचता येई, पण उलट उत्तर देता येत नसे.

भारतात मोबाइल सेवेचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्या दिवशी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून पहिले संभाषण केले. पुढील काही वर्षांत मोबाइल गावोगाव पोहोचला आणि त्याच्या पाठोपाठ लघुसंदेशही घरोघर शिरला.

एकशे साठच अक्षरे का?

लघुसंदेशाची कल्पना मात्र १९९२ पूर्वीची आहे. १९८५ च्या सुमारास जर्मनीतील बॉन शहरी फ्रीडहेल्म हिलेब्रांट हे अभियंते एका प्रश्नाचा विचार करीत होते. मोबाइल आणि मनोरा यांच्यात बोलण्याच्या वाटेखेरीज आणखी एक अरुंद वाट असते. फोन कोठे आहे, कोणाचा फोन येत आहे, अशा खुणा त्या वाटेने सतत जात-येत असतात. ही वाट पुष्कळ वेळ मोकळीच पडून राहते. मग तिच्यावरून एखादे छोटेसे पत्र का पाठवू नये? पण छोटे म्हणजे किती छोटे? हिलेब्रांट यांनी टंकलेखन यंत्रावर मनात येतील तशी निरनिराळी वाक्ये टाइप केली आणि त्यांतील अक्षरे, विरामचिन्हे आणि मोकळ्या जागा मोजल्या. बहुतेक वाक्ये एकशे साठ अक्षरांच्या आत संपत. माणसे पोस्टकार्डावर जे लिहितात तेही बहुधा एवढेच भरते, असे आढळले. तेव्हा एकशे साठ ही मर्यादा पुरेशी ठरली.

आता देवनागरी लिहिणाऱ्याने हा हिशेब जरा बारकाईने समजून घेतला पाहिजे. संगणक अक्षरे ओळखत नाही. तो केवळ शून्य आणि एक या दोन खुणा ओळखतो. प्रत्येक अक्षर या खुणांच्या ओळीत लिहावे लागते. एका लघुसंदेशात अशा एकूण १,१२० खुणा मावतात. इंग्रजीतील प्रत्येक अक्षराला सात खुणा पुरतात. ११२० ला ७ ने भागले, म्हणजे १६० अक्षरे मिळतात. परंतु देवनागरीसह जगातील असंख्य लिप्या एकाच पद्धतीत सामावून घ्यावयाच्या, तर सात खुणा अपुऱ्या पडतात. म्हणून अशा संदेशात प्रत्येक चिन्हासाठी सोळा खुणा खर्चाव्या लागतात. ११२० ला १६ ने भागले, की उत्तर येते केवळ ७०.

शिवाय संगणकाच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हीही स्वतंत्र चिन्हेच असतात. 'चिंचवड' या शब्दात आपल्याला चार अक्षरे दिसतात. संगणक मात्र च, वेलांटी, अनुस्वार, च, व, ड अशी सहा चिन्हे मोजतो. 'पाणी वाढत आहे. घर सोडा.' या दोन वाक्यांना मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे धरून तेवीस चिन्हे लागतात. मजकूर सत्तर चिन्हांहून मोठा झाला, तर संगणक त्याचे तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यावर तो कितवा आणि एकंदर किती, हे लिहावे लागते. त्या नोंदीत थोडी जागा जाते, म्हणून दर तुकड्यात सदुसष्टच चिन्हे उरतात. घेणारा मोबाइल ते तुकडे क्रमाने जोडून पूर्ण मजकूर दाखवितो. वाटेत तुकडे मागेपुढे झाले तरी वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

संदेशाचा प्रवास

संदेशाचा मार्ग टपालाच्या मार्गासारखाच आहे. आपण टाकलेले पत्र प्रथम टपालकचेरीत जाते, तेथून योग्य गावी रवाना होते आणि शेवटी पोस्टमन ते दारी आणून देतो. लघुसंदेशाची टपालकचेरी म्हणजे मोबाइल कंपनीचे संदेशकेंद्र होय. पाठविलेला प्रत्येक संदेश आधी या केंद्रात जातो.

परंतु पत्रावर घराचा पत्ता असतो. लघुसंदेशावर असतो केवळ मोबाइलचा क्रमांक. आणि मोबाइल तर माणसाबरोबर हिंडत असतो! चिंचवडचा कामगार कंपनीच्या बसमध्ये बसून भोसरी, मोशी अशी गावे मागे टाकीत, इंद्रायणी ओलांडून चाकणला जातो. वाटेत त्याचा मोबाइल एका मनोऱ्याची साथ सोडून दुसऱ्या मनोऱ्याची साथ धरतो. मग संदेशकेंद्राला त्याचा ठावठिकाणा कसा लागतो? याचे रहस्य असे, की प्रत्येक कंपनीजवळ आपल्या ग्राहकांची एक नोंदवही असते. ही वही कागदाची नव्हे, संगणकातील आहे. चालू असलेला मोबाइल 'मी या भागात आहे' अशी वर्दी वेळोवेळी देत असतो आणि ती या वहीत नोंदली जाते. संदेशकेंद्र आधी वहीला विचारते, मग त्या भागातील मनोऱ्यांकडे संदेश सोपविते, आणि मनोरा तो रेडिओलहरींवरून मोबाइलला देतो. हे सारे बहुधा काही क्षणांतच घडते.

मोबाइल बंद असला तर? टपालवाला घराला कुलूप पाहून पत्र फेकून देत नाही. तसेच संदेशकेंद्रही संदेश जपून ठेवते. मोबाइल पुन्हा सुरू झाला, की वर्दी मिळते आणि थांबलेला संदेश पुढे निघतो. मात्र ही वाट पाहणे अनंतकाळ चालत नाही. ठरलेली मुदत संपली, की संदेश रद्द होतो. म्हणून 'पाठविला' आणि 'पोहोचला' या दोन शब्दांत अंतर आहे. आपल्या हातून संदेश सुटला म्हणजे तो दुसऱ्याच्या हाती पडलाच, असे समजू नये. महत्त्वाच्या कामासाठी संदेश धाडणारे संगणक केंद्राकडून पोचपावती मागवून घेतात, ती याच कारणाने.

आज पुष्कळ लोक आंतरजालावर चालणाऱ्या सोयींनी चित्रे, आवाज आणि लांबलचक मजकूर पाठवितात. त्यापुढे लघुसंदेश गरीब दिसतो. पण त्याला आंतरजालाची गरज नाही, आणि महागड्या फोनचीही नाही. कांदा-बटाट्यासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या बाजारात माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या साध्या, बटणांच्या फोनवरही तो पोहोचतो. हेच त्याचे मोठेपण आहे.

संगणकावरून पाठविण्याचे तीन मार्ग

संगणकाने मोबाइलला संदेश पाठवावयाचा, तर त्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग घरगुती आहे. आपला मोबाइल आणि संगणक यांची जोडणी करावयाची. २०१८ साली गूगलने अशी सोय सुरू केली. मोबाइलने संगणकाच्या पडद्यावरील एका चौकोनी नक्षीचे छायाचित्र टिपले, की दोघांची ओळख पटते. मग मोबाइलवर आलेले संदेश संगणकावर दिसतात आणि संगणकाच्या ऐसपैस कळफलकावर लिहिलेले उत्तर मोबाइलमार्फत जाते. येथे संगणक केवळ लेखणी-कागदाचे काम करतो. पत्र टाकणारा मोबाइलच असतो. ज्याला बारीक बटणे दाबता येत नाहीत, अशा वृद्ध माणसाला हा मार्ग फार उपयोगी पडतो. मात्र कचेरीतील किंवा दुकानातील परक्या संगणकावर अशी जोडणी करून ती तशीच सोडून येणे म्हणजे घराची किल्ली दारालाच ठेवून येणे होय.

दुसरा मार्ग कारखान्यांना विशेष सोयीचा आहे. मोडेम नावाची एक लहानशी डबी संगणकाला जोडतात. तिच्या आत मोबाइलप्रमाणेच सिमकार्ड बसविलेले असते. तिला पडदा नाही आणि बटणेही नाहीत. ती संगणकाच्या आज्ञेवर चालते. या आज्ञा 'ए' आणि 'टी' या दोन इंग्रजी अक्षरांनी सुरू होतात. 'लक्ष द्या' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दाची ही आद्याक्षरे. १९८१ साली अमेरिकेतील हेज कंपनीने आपल्या मोडेमसाठी ही भाषा ठरविली; पुढे मोबाइलच्या मोडेमांनीही तीच स्वीकारली. संगणक प्रथम 'लक्ष द्या' म्हणतो, मग ज्याला संदेश द्यावयाचा त्याचा क्रमांक सांगतो, मग मजकूर देतो आणि शेवटी समाप्तीची एक खूण करतो. डबी संदेश पाठविते आणि 'ठीक' असे उत्तर देते.

अशी डबी कारखान्यात काय काम करते, ते पाहण्यासारखे आहे. समजा, शीतगृहातील उष्णता अमुक अंशांच्या वर चढता कामा नये. तापमापक ती सतत मोजीत असतो. पारा मर्यादेपलीकडे गेला, की संगणक रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला तत्काळ संदेश धाडतो. पाण्याची टाकी रिकामी होऊ लागली, हवेचा दाब उतरला, एखादे यंत्र अकस्मात थांबले, अशा प्रत्येक प्रसंगी हेच घडते. पूर्वी अशा यंत्रांवर डोळ्यांत तेल घालून पहारा करावा लागे. आता पहारा यंत्रच करते, आणि माणसाला ते वेळेवर हाक मारते.

परंतु एका डबीला एका वेळी एकच संदेश पाठविता येतो. एखाद्या बँकेला किंवा महानगरपालिकेला लाखो लोकांना कळवायचे असेल, तर ही डबी कशी पुरणार? त्यासाठी तिसरा मार्ग आहे. मोठ्या संस्थेचा संगणक आंतरजालावरून थेट संदेशकेंद्राच्या दारापर्यंत जातो. या दाराला संदेशद्वार म्हणता येईल. तेथे तो मजकूर आणि क्रमांकांची भली मोठी यादी एकदमच देतो. मग केंद्र झपाट्याने एकेक संदेश पुढे धाडते. बँकेत जमा झालेला पगार, विजेचे बिल, शाळेची सूचना, एकदाच वापरावयाचा गुप्त अंक, हे सारे बहुधा याच दाराने येते.

संगणक उत्तर देतो

संगणक संदेश पाठवितो, तसा तो घेतोही. रेल्वेच्या १३९ या क्रमांकाचे उदाहरण घ्या. तिकिटावरील दहा अंकी क्रमांक ठरलेल्या रीतीने लिहून तेथे संदेश केला, की आसन मिळाले की नाही, याचे उत्तर येते. हे उत्तर कोणी कारकून लिहीत नाही. आलेल्या संदेशातील पहिला शब्द संगणक वाचतो, त्यावरून विचारणा कशाची आहे हे ठरवितो, पुढचा क्रमांक आपल्या नोंदींत शोधतो आणि जे सापडेल ते लिहून परत धाडतो.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कामगारांना याहून जवळचे उदाहरण आहे. कामगाराच्या पगारातून दरमहा काही रक्कम भविष्यनिर्वाह निधीत जमा होते. ती त्याच्या म्हातारपणाची शिदोरी असते. हा निधी सांभाळणाऱ्या संघटनेला संदेश करून आपली शिल्लक किती हे कामगाराला विचारता येते. संदेशाच्या शेवटी 'मराठी' या शब्दाची पहिली तीन इंग्रजी अक्षरे लिहिली, तर उत्तर मराठीत मिळते. रजा काढून कचेरीत खेटे घालण्याची गरज पडत नाही. महावितरणनेही वीज गेल्याची तक्रार संदेशाने नोंदविण्याची सोय केली आहे. त्यासाठी आपला बारा अंकी ग्राहक क्रमांक लिहावा लागतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माणूस चुकलेला शब्दही समजून घेतो; संगणक तसे करीत नाही. शब्द चुकला, मोकळी जागा राहिली किंवा एक अंक कमी पडला, की तो विनंती नाकारतो. यंत्राशी बोलताना नेमकेपणा हाच शिष्टाचार असतो.

खोटा जासूद

जुन्या काळी जासुदाच्या हातातील पत्रावर मोर्तब असे. ते पाहून पत्र खरे की बनावट हे ठरवीत. लघुसंदेशालाही अशा मोर्तबाची आवश्यकता आहे, कारण संगणकाच्या हाती जसे उपयुक्त काम देता येते, तसे फसवणुकीचेही देता येते.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात अनेकांना एक संदेश येऊ लागला. 'मागील बिल भरलेले नाही. आज रात्री वीज तोडण्यात येईल. तत्काळ या क्रमांकावर फोन करा,' असा त्याचा मजकूर असे. घाबरून फोन करणाऱ्याला गोड बोलून त्याच्या बँकेची माहिती किंवा गुप्त अंक काढून घेण्यात येत, आणि क्षणार्धात खाते रिकामे होई. महिनाभर घाम गाळून मिळविलेला पगार एका फोनमध्ये नाहीसा व्हावा, यापरते दुःख कोणते? अशा बनावट संदेशांपासून सावध राहण्याचे आवाहन महावितरणने वारंवार केले.

या खोट्या जासुदांना आवर घालण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नियम केले. २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक संदेश पाठविणाऱ्या संस्थेला आपले नाव, प्रेषक म्हणून दिसणारी अक्षरे आणि संदेशाचा साचाही आधी नोंदवावा लागतो. २०२५ पासून या अक्षरांच्या शेवटी आणखी एक खूण असते: जाहिरातीसाठी 'पी', सेवेसाठी 'एस', पैशाच्या व्यवहारासाठी 'टी' आणि सरकारी संदेशासाठी 'जी'. बँकेच्या किंवा वीजकंपनीच्या नावाने आलेला संदेश साध्या दहा अंकी क्रमांकावरून आला असेल, तर तेथेच संशय घ्यावा.

तथापि सर्वांत मोठे संरक्षण आपल्या शहाणपणातच आहे. एकदाच वापरावयाचा गुप्त अंक हा तिजोरीच्या किल्लीसारखा असतो. तो कोणालाही सांगू नये. घाई करण्यास लावणारा संदेश आला, की अधिकच सावकाश वागावे. अनोळखी दुवा उघडू नये. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता १९३० या साहाय्य क्रमांकावर विनाविलंब कळवावे. जितके लवकर कळवावे, तितकी पैसे वाचण्याची आशा अधिक.

पत्र आणि दवंडी

आता पुन्हा त्या पावसाळी रात्रीकडे वळू. लघुसंदेश हे पत्र आहे. ते एकेकाच्या नावे जाते. लाखो पत्रे एकाच वेळी निघाली, की वाटेवर गर्दी होते आणि काही पत्रांना उशीर होतो. पुराच्या प्रसंगी उशीर परवडत नाही. म्हणून आणखी एक पद्धत आहे. तिला दवंडीची उपमा शोभेल. पूर्वी गावात दवंडी पिटीत तेव्हा घरोघर जाऊन सांगत नसत. चव्हाट्यावर उभे राहून एकदाच मोठ्याने सांगत, आणि ऐकू येईल तो ऐके. त्याचप्रमाणे मनोरा आपल्या टापूतील सर्व मोबाइलना एकाच वेळी एकच सूचना देतो. त्याला कोणाचाही क्रमांक ठाऊक असण्याची गरज नसते. परगावचा वाटसरू त्या टापूत असला, तरी त्याचाही मोबाइल कर्कश आवाज करून सावध करतो. २०२३ साली भारतात ठिकठिकाणी या दवंडीची चाचणी घेण्यात आली, तेव्हा खिशातील मोबाइल अकस्मात ओरडू लागल्याने अनेक जण दचकले होते.

मावळातील पवना धरणाच्या परिसरात मुसळधार पाऊस झाला आणि धरणातून पाणी सोडावे लागले, की पवना फुगते. चिंचवडला तिच्या काठी मोरया गोसावींचे समाधिमंदिर आहे. मोठ्या पुरात त्याच्या आवारात पाणी शिरते आणि सखल भागातील वस्त्यांतून लोकांना हलवावे लागते. अशा वेळी एक तास आधी मिळालेली सूचना म्हणजे एक तासाचे जीवदान होय. तेवढ्या वेळात म्हातारी माणसे उंचावर नेता येतात, धान्याचा डबा माळ्यावर चढविता येतो, शाळेचे दप्तर आणि घराची कागदपत्रे वाचविता येतात.

परंतु सर्व जासुदांप्रमाणे या जासुदाच्याही मर्यादा आहेत. वीज गेली आणि मनोरा बंद पडला, तर तो वाटेतच थांबतो. मोबाइल विझलेला असेल, तर तो दाराबाहेर तिष्ठत राहतो. ज्या आजीला वाचता येत नाही, तिच्या हातात पडूनही तो मुकाच राहतो. संगणक शेकडो कोस ओलांडून संदेश आणतो, पण शेवटची चार पावले त्याला चालता येत नाहीत.

ती पावले माणसालाच चालावी लागतात. चिंचवडच्या त्या घरातील बारा वर्षांचा मुलगा वडिलांचा फोन येताच उठतो. आपल्या मोबाइलवरही तोच इशारा आला आहे, हे तो आईला वाचून दाखवितो. मग आजीचा हात धरून तिला वरच्या मजल्यावर पोहोचवितो, आणि कंदील घेऊन शेजारच्या घरांची दारे ठोठावतो. ज्यांचे मोबाइल बंद होते, ज्यांना गाढ झोप लागली होती आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्या सर्वांपर्यंत निरोप पोहोचतो. मगच संदेशाचा प्रवास खऱ्या अर्थाने पूर्ण होतो.

स्वाध्याय

१. जगातील पहिला लघुसंदेश मोबाइलवरून न पाठविता संगणकावरून का पाठविला?

२. एका लघुसंदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, पण देवनागरीची ७० चिन्हेच मावतात. असे का? हिशेब करून दाखवा.

३. २०० चिन्हांचा मराठी संदेश किती तुकड्यांत जाईल?

४. 'पाठविला' आणि 'पोहोचला' यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.

५. लघुसंदेशाला पत्राची आणि मनोऱ्यावरून दिलेल्या सूचनेला दवंडीची उपमा का दिली आहे?

६. आपल्या गावाला किंवा वस्तीला सावध करणारा संदेश सत्तर चिन्हांत लिहा. त्यातील काना, मात्रा, अनुस्वार आणि मोकळ्या जागाही मोजा.